क्रमांक आत, नाव समोर

कीर्दीच्या पानावर रकमेच्या अलीकडे एक अरुंद रकाना असतो. त्याच्या माथ्यावर ‘खा. पा.’ लिहिलेले असते. खा. पा. म्हणजे खातेपान. आजची रक्कम ज्याच्या खात्यात गेली, त्याचे खाते खतावणीत कितव्या पानावर आहे, तो आकडा इथे पडतो. कारकून तपशिलात नाव लिहितो, खतावणीतले ते पान काढतो, रक्कम चढवतो आणि कीर्दीत परत येऊन पानाचा आकडा टाकतो. पुढे हिशेबतपासनीस त्या आकड्यावरून पान उघडतो, तेव्हा पानाच्या माथ्यावर तेच नाव दिसावे लागते. नाव आणि आकडा हे दोन पुरावे एकाच ओळीत शेजारी असतात. एक चुकला तर दुसरा त्याला पकडतो.

नोंदी संगणकावर आल्या तेव्हा यातला एक पुरावा गेला. नाव एकाच जागी, मास्टर टेबलात ठेवायचे आणि बाकी सगळीकडे फक्त क्रमांक ठेवायचा, हा डेटाबेसच्या रचनेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे रोजच्या नोंदींच्या टेबलात ४७, ११२, ९ असे नुसते आकडे उरतात. हाताने लिहिताना जे नाव आपसूक डोळ्यांखालून जायचे, ते आता कोणी मुद्दाम समोर आणल्याशिवाय येत नाही. ते आणायची जागा म्हणजे नोंद भरण्याचा फॉर्म. क्रमांक टाकताच तो कोणाचा आहे ते पडद्यावर दाखवणे, किंवा नाव निवडताच आत क्रमांक साठवणे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

एवढ्याशा विषयावर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. लहान संस्थांच्या डेटातल्या ज्या चुका निस्तरायला सर्वांत जड जातात, त्या बेरीज-वजाबाकीच्या नसतात. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, माणूस मात्र भलताच, अशा त्या असतात. एकूण बेरीज जुळते, म्हणून ताळा केला तरी त्या सापडत नाहीत. ज्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले तो माणूस दारात येऊन उभा राहतो तेव्हाच त्या उघड होतात. नोंद साठवण्यापूर्वी फॉर्मने नाव दाखवले असते तर यांतल्या बहुतेक चुका जागीच थांबल्या असत्या. हे काम मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी.

पुस्तकभर एकच उदाहरण चालवले आहे, गावच्या प्राथमिक दूध संस्थेचे. ही निवड विचारपूर्वक केली आहे. दूध संस्थेत दिवसातून दोन वेळा रांग लागते आणि एकेका माणसासाठी काही सेकंदच मिळतात. उत्पादक आपला क्रमांक सांगतो. संगणकावर बसलेली व्यक्ती तो टाकते. काट्यावरून लिटर येतात, तपासणीच्या यंत्रावरून फॅट आणि एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातले घन घटक) येतात, दरपत्रकातून दर येतो, गुणाकार होतो, पावती निघते. पुढचा माणूस किटली घेऊन उभाच असतो. दहा दिवसांनी या सगळ्या नोंदींचे बिल निघते आणि रक्कम बँकेच्या खात्यात जाते. इतक्या घाईत झालेल्या नोंदीवर एका घराचा दहा दिवसांचा खर्च अवलंबून असतो.

या व्यवहारात दुसऱ्या टेबलातून माहिती उचलून आणण्याचे प्रसंग तीन. उत्पादकाचे नाव, त्या दिवसाचा दर आणि बँकेचे खाते. वरवर पाहता तिन्ही सारखेच दिसतात : एक क्रमांक द्या, दुसऱ्या टेबलात शोधा, मिळेल ते दाखवा. प्रत्यक्षात तिघांना तीन वेगळ्या प्रकारे वागवावे लागते. नाव दाखवायचे, पण संकलनाच्या नोंदीत साठवायचे नाही. दर दाखवायचाही आणि साठवायचाही. बँकेचा खाते क्रमांक संकलनाच्या पडद्यावर दाखवायचाच नाही, कारण रांगेतल्या चार जणांनी तो वाचण्याचे कारण नाही. तो बिलाच्या वेळी आणायचा आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याची नोंद कायम ठेवायची. हा फरक नीट ओळखता आला की पुस्तकातले निम्मे काम झाले. उरलेले निम्मे हातकौशल्याचे आहे.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला विचार कुठून आला, ते थोडक्यात सांगायला हवे. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणिती आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत होते. जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द ए.सी.एम.’ या नियतकालिकात त्यांचा रिलेशनल मॉडेलवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्या काळातल्या डेटाबेसमध्ये एका नोंदीवरून दुसरीकडे जायचे तर यंत्राच्या आत ठरवून दिलेल्या वाटेनेच जावे लागे, आणि वाट बदलली की त्यावर लिहिलेले प्रोग्रॅम मोडत. कॉड यांनी सांगितले की दोन टेबलांमधले नाते दोन्हीकडे लिहिलेल्या एकाच किमतीवरून कळावे. माहिती यंत्रात कशी मांडली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसावी. एका टेबलात लिहिलेल्या दुसऱ्या टेबलाच्या अशा क्रमांकाला ‘फॉरेन की’ म्हणतात आणि हा शब्द त्याच लेखात आहे. १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. खातेपानाची पद्धत त्यांच्या लेखाच्या कितीतरी आधीची आहे आणि तिच्यातही नाते जुळते ते दोन्हीकडे लिहिलेल्या आकड्यावरूनच. म्हणून कीर्द-खतावणी लिहिलेल्या माणसांना फॉरेन की शिकवायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडच्या पतसंस्था, कारखाने आणि संघ यांच्या कचेऱ्यांत संगणक आले तेव्हा त्यांवर डीबेस आणि फॉक्सप्रो चालत. त्या पडद्यांवर सहसा माउस नव्हता, ड्रॉपडाउन नव्हता. ‘अ‍ॅट-से-गेट’ लिहून रकाना मांडायचा, ‘व्हॅलिड’मध्ये अट घालायची, ‘सीक’ देऊन मास्टर फाइलमध्ये क्रमांक शोधायचा आणि सापडला की शेजारी नाव उमटवायचे. सापडला नाही तर कर्सर पुढे सरकायचाच नाही. त्या जुन्या पडद्यांबद्दल मला आदर आहे. क्रमांक टाक, नाव बघ, एंटर दाब, ही तालबद्ध कामाची पद्धत त्यांनी बसवली आणि जिथे दिवसभरात शेकडो नोंदी होतात तिथे आजही तीच सर्वांत जलद आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्सेस आले, पुढे ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिसचे बेस आले, आणि प्रोग्रॅम न लिहिता फॉर्म मांडता येऊ लागला. सोय वाढली. त्याबरोबर असा समज पसरला की संबंधित माहिती दाखवायची म्हणजे ड्रॉपडाउन लावायचा, झाले. दूध संस्थेच्या रांगेपुढे ड्रॉपडाउन उघडून नाव शोधत बसणे कोणालाही परवडणारे नाही. त्यातून नाव मराठीत टाइप करायचे तर कीबोर्ड बदलावा लागतो. आकड्यांना ती अडचण नाही. ग्रंथालयात नवा सभासद नोंदवताना किंवा शाळेत प्रवेश देताना गाव निवडायला ड्रॉपडाउन उत्तम. रोजच्या संकलनाला क्रमांकाचा रकाना आणि त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरातले नाव. काम पाहून साधन ठरवायचे, ही सवय वाचकाला लागावी म्हणून दुसऱ्या प्रकरणात एकच फॉर्म दोन्ही पद्धतींनी करून दाखवला आहे.

आता हातकौशल्याकडे येतो. अ‍ॅक्सेसच्या काँबो बॉक्समध्ये युक्ती अशी की यादी तीन-चार रकान्यांची घ्यायची : क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वस्ती. ‘बाउंड कॉलम’ला १ द्यायचा, म्हणजे साठवला जातो तो क्रमांक. ‘कॉलम विड्थ्स’मध्ये पहिल्या रकान्याची रुंदी शून्य करायची, म्हणजे निवडल्यावर दिसते ते नाव. शेजारच्या चौकटीत वस्ती दाखवायची असेल तर तिच्या ‘कंट्रोल सोर्स’मध्ये त्याच काँबोचा ‘कॉलम’ मागायचा. इथे एक बारीक खाच आहे. ‘बाउंड कॉलम’ मोजताना रकाने १ पासून मोजतात आणि ‘कॉलम’ मागताना ० पासून. चौथा रकाना हवा असेल तर मागायचा ३. नवशिक्याच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाच्या जागी वस्ती दिसते किंवा चौकट रिकामी राहते, ते बहुधा याच कारणाने.

लिब्रेऑफिस बेसमध्ये शब्दांची अदलाबदल होते. तिथला काँबो बॉक्स दिसणारा मजकूरच साठवतो. क्रमांक साठवायचा असेल तर लिस्ट बॉक्स घ्यावा लागतो. त्यात पहिला रकाना दिसतो आणि दुसरा साठवला जातो. ‘बाउंड फील्ड’ला १ द्यायचा, कारण मोजणी शून्यापासून आहे. शिवाय यादीत एकच रकाना दिसतो, म्हणून नाव, वडिलांचे नाव आणि वस्ती क्वेरीतच एकत्र जोडून द्यावी लागते. अ‍ॅक्सेसची सवय असलेल्याने बेसमध्ये काँबो लावला, तर नोंदींच्या टेबलात क्रमांकाऐवजी नावे जाऊन बसतात आणि सगळी रचना तिथेच बिघडते. संस्थांना मोफत सॉफ्टवेअर हवे असते आणि ते योग्यही आहे, म्हणून प्रत्येक प्रकरणात दोन्हीकडची कृती वेगवेगळी दिली आहे.

नाव आणण्याची दुसरी वाट म्हणजे ‘डीलुकअप’. एक क्रमांक, एक टेबल, एक उत्तर. एकेरी नोंदीच्या फॉर्मवर ते चांगले काम करते. पण एकाखाली एक शंभर ओळी दाखवणाऱ्या फॉर्मवर प्रत्येक ओळीसाठी ते वेगळा शोध घेते, आणि ओळी रेंगाळत भरताना दिसतात. तिथे क्वेरीत दोन टेबले जोडून घ्यावीत. जोडताना मात्र डावा जोड घ्यायचा, लेफ्ट जॉइन. साधा जोड घेतला तर ज्या नोंदीत क्रमांक रिकामा राहिला आहे ती नोंद फॉर्मवर दिसतच नाही. नोंद टेबलात असते, बेरजेत धरली जाते, आणि दुरुस्त करायला गेले तर सापडत नाही. ही चूक शोधण्यात लोकांचे दिवसच्या दिवस जातात.

क्वेरीतून आणलेल्या नावाला कुलूप लावणे ही या पुस्तकातली माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. दोन टेबले जोडलेल्या फॉर्मवर नावाची चौकट उघडी ठेवली तर तिच्यात लिहिता येते, आणि लिहिले की मास्टरमधले नाव बदलते. समजा, ४७ ऐवजी चुकून ७४ टाकला आणि शेजारी भलतेच नाव आले. घाईत असलेला माणूस क्रमांक बदलत नाही, समोर दिसणारे नाव पुसून योग्य नाव टाइप करतो. त्याच्या दृष्टीने त्याने आजची एक ओळ दुरुस्त केली. प्रत्यक्षात ७४ क्रमांकाच्या उत्पादकाचे नावच बदलले आणि त्याच्या आजवरच्या सगळ्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर दिसू लागल्या. म्हणून दाखवण्यापुरत्या आणलेल्या प्रत्येक चौकटीचे ‘लॉक्ड’ हो करायचे, कर्सर तिच्यात जाणार नाही असे करायचे आणि तिचा रंगही वेगळा ठेवायचा. लिहायची जागा पांढरी, वाचायची जागा फिकट करडी. हा संकेत सगळ्या फॉर्मवर एकसारखा पाळला की वापरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

याहून घातक दोष आहे तो शिळ्या नावाचा. काही जण क्रमांक बदलल्यावर चालणाऱ्या कृतीत, म्हणजे ‘आफ्टर अपडेट’मध्ये, शोध घेतात आणि सापडलेले नाव एका मोकळ्या चौकटीत टाकतात. क्रमांक टाकला की नाव येते, सगळे ठीक दिसते. पण पुढच्या नोंदीवर गेले की ती चौकट तशीच राहते, कारण ती कोणत्याच टेबलाला बांधलेली नाही. पडद्यावर क्रमांक एकाचा आणि नाव आधीच्याचे. नाव न दिसणे परवडले. चुकीचे नाव दिसणे वाईट, कारण माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. उपाय सोपा आहे. तीच कृती नोंद बदलताना चालणाऱ्या ‘करंट’मध्येही लिहायची, किंवा मोकळी चौकट न वापरता थेट ‘कॉलम’वर बांधायची. आणि क्रमांक सापडलाच नाही तर चौकट नुसती रिकामी न ठेवता ‘असा क्रमांक नाही’ असे स्पष्ट मराठीत लिहून नोंद अडवायची.

टेबलाच्या रचनेतच लुकअप लावण्याची सोय अ‍ॅक्सेसमध्ये आहे. ती वापरू नये, असे मी सांगतो. टेबल उघडले की रकान्यात नावे दिसतात, पण आत असतात क्रमांक. मग एखादा माणूस क्वेरीत नावावर अट घालतो आणि काहीच सापडत नाही. डेटा एक्सेलमध्ये काढला तर नावांच्या ठिकाणी कधी आकडे येतात, कधी नावे. टेबल पाहिल्यावर जे साठवले आहे तेच दिसावे. नाव दाखवण्याचे काम फॉर्मचे आणि अहवालाचे.

आता दराकडे वळतो, कारण पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण त्याच्यावर आहे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ., म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एस.एन.एफ., हे दराचे परिचित आधार. त्याच्या वर-खाली गेले की दर चढतो किंवा उतरतो, आणि पूर्ण दरपत्रक म्हणजे आकड्यांचे मोठे कोष्टक होते. दूध संघाने दर बदलला की नवे कोष्टक येते. इथे ‘माहिती एकाच जागी ठेवा’ हा नियम अक्षरशः पाळणारा माणूस फसतो. तो संकलनाच्या नोंदीत दर ठेवतच नाही. बिल काढताना दरपत्रकातून उचलतो. समजा गेल्या महिन्यात लिटरला ३४ रुपयांनी दूध घेतले आणि आज दर ३० झाला. आता गेल्या महिन्याचे बिल पुन्हा छापले तर ते ३० रुपयांनी छापले जाते. उत्पादकाच्या हातातली जुनी पावती एक सांगते आणि संगणक दुसरेच. विश्वास जायला एवढे पुरते.

दरपत्रकाला लागू झाल्याची तारीख द्यावी आणि नोंद साठवतानाच त्या दिवसाचा दर तिच्यात उतरवून घ्यावा. ही नक्कल दिसली तरी तिच्यात नियमभंग नाही. दरपत्रकातला दर म्हणजे संघाने ठरवलेला भाव, आणि नोंदीतला दर म्हणजे या माणसाला या दिवशी दिलेला भाव. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योगायोगाने त्या दिवशी त्यांचा आकडा एक होता. प्रत्येक रकान्यापाशी मी वाचकाला एकच प्रश्न विचारायला लावतो : उद्या मास्टर बदलला तर ही जुनी नोंद बदललेली चालेल का? चालेल, किंबहुना बदललीच पाहिजे, असे उत्तर आले तर फक्त दाखवा. चालणार नाही, असे आले तर साठवा.

नावाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘बदललीच पाहिजे’ असे येते. शुद्धलेखन सुधारले, लग्नानंतर नाव बदलले, तर जुन्या नोंदीतही आजचे नाव दिसावे, कारण माणूस तोच आहे. पण संस्थांमधली एक सवय हे उत्तर उलटवते. वडील गेले की त्यांचा क्रमांक मुलाला देतात. घर तेच, गोठा तोच, मग क्रमांक तोच, असा साधा विचार असतो. मास्टरमध्ये वडिलांचे नाव पुसून मुलाचे लिहिले की वडिलांनी घातलेले सगळे दूध मुलाच्या नावावर दिसू लागते, आणि वारसांमध्ये जुन्या बिलाचा किंवा बोनसचा प्रश्न निघाला तर संस्थेकडे सांगायला काहीच राहत नाही. क्रमांक माणसाचा असतो, घराचा नसतो. वारसाला नवा क्रमांक द्यावा, जुन्या क्रमांकापुढे ‘बंद’ अशी खूण आणि तारीख घालावी आणि तो क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये. सचिव मंडळींना हे पटवायला वेळ लागतो, कारण लोकांना आपल्या घरचा क्रमांक पाठ असतो. तरीही पटवावे.

बंद झालेल्यांचे पुढे काय, हेही ओघाने येते. नवीन नोंदीच्या यादीत ते दिसू नयेत म्हणून कोणी यादीला ‘फक्त चालू’ अशी गाळणी लावतो. मग जुनी नोंद उघडली की नावाची जागा रिकामी, कारण त्या क्रमांकाचे नाव यादीतच उरलेले नाही. बंद नावे यादीत ठेवावीत, पण तळाशी, नावापुढे ‘(बंद)’ लिहून. आणि नवी नोंद साठवताना त्यांना अडवावे.

हीच अडचण जिल्हा, तालुका, गाव अशा एकावर एक अवलंबून असलेल्या याद्यांमध्ये मोठी होऊन येते. जिल्हा निवडला की त्याचेच तालुके, तालुका निवडला की त्याचीच गावे. एकेरी फॉर्मवर हे छान चालते. ओळींच्या फॉर्मवर एका ओळीत तालुका बदलला की गावांची यादी सगळ्याच ओळींसाठी बदलते, आणि दुसऱ्या तालुक्यातली गावे इतर ओळींतून नाहीशी झाल्यासारखी दिसतात. डेटा गेलेला नसतो, पण पाहणारा घाबरतो. सहाव्या प्रकरणात यावर उपाय आहे : दिसण्यासाठी क्वेरीतून आणलेली, कुलूप लावलेली चौकट वर ठेवायची आणि निवडण्याची यादी तिच्याखाली.

गावाचे नाव दाखवताना तालुका दाखवल्याशिवाय काम भागत नाही. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आहेत. राज्यभर वडगाव, पिंपळगाव किती असतील, ते पोस्टमननाच ठाऊक. पिन कोड जोडला की प्रश्न सुटला, असे काहींना वाटते. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा आकड्यांची सुंदर पद्धत संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ती टपाल वाटपासाठी आहे. एका पिन कोडाखाली अनेक गावे येतात, म्हणून तो गावाचा क्रमांक होऊ शकत नाही. जनगणनेचा किंवा पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतला गावाचा कोड घ्यावा.

आणि नावे बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आठ तालुके तिकडे गेले. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्याने प्रत्येक सभासदाच्या नोंदीत जिल्ह्याचे नाव लिहून ठेवले होते त्याला हजारो ओळी बदलाव्या लागल्या असतील. ज्याने गावाचा कोड ठेवला, गावाला तालुका आणि तालुक्याला जिल्हा जोडला, त्याचे काम नावबदलाला एका ओळीत आणि पालघरला आठ ओळींत संपले. मात्र २०१० साली दिलेला दाखला पुन्हा छापताना त्यावर तेव्हाचाच जिल्हा यायला हवा. वरचा प्रश्न इथेही विचारायचा.

बँकेच्या आय.एफ.एस.सी.चेही असेच आहे. अकरा अक्षरांच्या या कोडात पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, उरलेली सहा शाखेची. कोड टाकताच बँक आणि शाखा दिसते, आणि ते पाहूनच माणूस निर्धास्त होतो. पण कोडातच बँकेचे नाव गोवलेले असल्याने बँक बदलली की कोड बदलतो. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि पुढे त्यांच्या शाखांचे कोडही बदलले. ज्या कोडाला अर्थ असतो तो कधीतरी बदलतो. म्हणून शाखांच्या टेबलाला स्वतःचा साधा क्रमांक असावा आणि आय.एफ.एस.सी. हा त्यातला एक रकाना. पैसे पाठवलेल्या नोंदीत मात्र त्या दिवशीचा कोड आणि खाते क्रमांक जसाच्या तसा उतरवावा.

मराठी यादीचे स्वतःचे काही प्रश्न आहेत आणि बाहेरच्या पुस्तकांत ते सापडत नाहीत. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. यादी नुसत्या सांकेतिक क्रमाने लावली तर ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येते, आणि वर्णमालेच्या सवयीने तळाशी शोधणाऱ्याला ते सापडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा वर्णक्रम निवडता येत असेल तर तो निवडावा, नसेल तर क्रम लावण्यासाठी वेगळा रकाना ठेवावा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुन्या दप्तरात ‘गांव’ आहे आणि नव्यात ‘गाव’. संगणकाला ही दोन वेगळी गावे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते आणि दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात. ही सगळी कटकट नाव हाताने लिहायला दिल्यामुळे होते. मास्टरमध्ये एकदा एकच रूप ठरवले आणि फॉर्मवर ते निवडायला दिले की ‘पिंपळगांव’ आणि ‘पिंपळगाव’ यांची दोन वेगळी बिले निघत नाहीत.

यादीत काय दिसावे, याचा निर्णय गावातल्या माणसाला विचारून करावा. एका आडनावाची चाळीस घरे असलेल्या गावात ‘पाटील’ दाखवून काही कळत नाही. कुठे वडिलांचे नाव लागते, कुठे मळ्याचे, कुठे गल्लीचे. ज्या खुणेने गावातले लोक एकमेकांना ओळखतात, ती खूण नावाशेजारच्या रकान्यात असावी. नावाची चौकट इतकी मोठी असावी की टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या उत्पादकालाही ती वाचता यावी. शक्य असेल तिथे त्याच्याकडे तोंड करून दुसरा पडदा ठेवावा. स्वतःचे नाव तपासायला त्या नावाच्या माणसाइतका योग्य तपासनीस दुसरा नाही.

वेबवरचे आणि मोबाइलवरचे फॉर्म या पुस्तकात घेतलेले नाहीत. तिथली साधने दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि पुस्तक छापून होईपर्यंत जुनी होतात. दाखवायचे काय आणि साठवायचे काय, हा निर्णय तिथेही हाच आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलेला वाचक पहिली सात प्रकरणे पूर्ण करू शकेल. आठव्यात थोडा कोड आहे. शेवटच्या प्रकरणात तयार फॉर्म संस्थेच्या हाती देण्याआधी करायच्या तपासण्या आहेत : नसलेला क्रमांक टाकून पाहणे, क्रमांक पुसून नोंद साठवायचा प्रयत्न करणे, चार नोंदी पुढे जाऊन परत मागे येणे, बंद उत्पादकाची जुनी नोंद उघडणे, दर बदलून गेल्या महिन्याचे बिल छापणे, दोन सारख्या नावांपैकी दुसरे निवडणे. सरावासाठी दिलेली सभासदांची नावे आणि आकडे काल्पनिक आहेत. आपल्या संस्थेच्या चालू फाइलवर थेट सराव करू नये. फाइलची प्रत काढून त्या प्रतीवर करावा, आणि प्रतीतले बँकेचे खाते क्रमांक आधी पुसून टाकावेत.